मुलींचा सत्कार मागून करा, आधी मैदानाची वेळ लिहून द्या

प्रति,
माननीय सरपंच ताई, उपसरपंच आबा, सर्व सदस्य, ग्रामसेवक भाऊसाहेब, शाळा व्यवस्थापन समिती आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला येणारे गावातले सगळे लहानथोर,

स. न. वि. वि.

झेंडावंदन झाल्यावर गावच्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलींचा ग्रामपंचायतीतर्फे सत्कार होणार, हे परवा रिक्षावरच्या भोंग्यातून साऱ्या गावाला कळलं. शाल, श्रीफळ, फोटो आणि प्रत्येकीला एकेक स्टीलचा डबा. तेव्हापासून पोरी हवेत आहेत. संघाची मॅनेजर म्हणून आणि गोलकीपरची आई म्हणून मी तुम्हा सर्वांचे आभार मानते. ज्या मुली हाफ पँट घालून रस्त्याने निघाल्या की पारावरची माणसं बोलता बोलता थांबायची, त्यांचीच नावं आज भोंग्यावर घेतली जातात. गावाने मन मोठं केलं, याची मला पूर्ण जाणीव आहे.

पण त्याच सभेत आणखी एक विषय घ्यावा, ही माझी जाहीर विनंती. गावच्या मैदानावर मुलींची वेळ ठरवून द्या. आठवड्यातले चार दिवस, संध्याकाळी पाच ते साडेसहा. तोंडी आश्वासन नको. ठराव मांडा, सूचक-अनुमोदकाची नावं घाला, प्रोसिडिंग बुकात चढवा. सत्कार महिनाभर पुढे गेला तरी मुलींची काही तक्रार नसेल. ठराव मात्र याच सभेत व्हायला हवा, कारण गणपती उठले की स्पर्धांचे दिवस येतात आणि त्यानंतर मैदानावर मळणीची खळी पडतात.

याबद्दल अर्ज मी आधीही दिले आहेत, पोचपावत्या माझ्याजवळ आहेत. तरी हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण ही अडचण आपल्या एका गावाची नाही. चोपडा, अमळनेर, शिरपूर, शहादा, जिथे आमच्या मुली खेळायला गेल्या तिथे सामना संपल्यावर समोरच्या संघातल्या मुलींच्या आया माझ्याजवळ येऊन बसतात. कोच कोण, बूट कुठून घेतले, हे सगळं नंतर. पहिला प्रश्न हाच असतो, "ताई, तुमच्या पोरींना ग्राउंड कधी भेटतं?"

संघ कसा उभा राहिला हे गावातल्या बऱ्याच जणांना नीट ठाऊक नाही, म्हणून सांगते. शाळेच्या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या असतात. बारावी झाली की मुलीचं खेळणं संपलं. आपल्या शाळेकडून जिल्ह्यापर्यंत खेळून आलेल्या मुली बारावीनंतर घरी बसल्या. एक कापूस वेचायला जाऊ लागली, एक शिवणक्लासला, दोघी एसटीने चोपड्याच्या कॉलेजला. त्यांचं त्यांनाच ते सोसवेना. एका संध्याकाळी चौघी मिळून क्रीडाशिक्षक सरांच्या घरी गेल्या आणि म्हणाल्या, "सर, शाळेचा नको, गावाचा संघ काढू." हा संघ सरांनी काढला असं लोक म्हणतात. सर स्वतः तसं म्हणत नाहीत. संघ त्या चौघींनी काढला.

बॉल शाळेत होते. २०१७ साली १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप भारतात झाला, त्याआधी १५ सप्टेंबरला महाराष्ट्रभर दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळावा असा सरकारी उपक्रम झाला होता. शाळाशाळांना फुटबॉल मिळाले. आपल्याकडचे बॉल त्या दिवशी खेळून झाल्यावर कपाटात गेले ते थेट या मुलींनी मागितले तेव्हा बाहेर आले. हवा गेलेली, शिवणीला बुरशी. पंक्चरवाल्या काकांनी पैसे न घेता जेवढे सुधारता आले तेवढे सुधारून दिले. गोलपोस्ट बोअरवेलच्या जुन्या पाइपाचे. २४ फूट रुंद, ८ फूट उंच, माप बरोबर, कारण सरांनी वेल्डिंगवाल्यासमोर उभं राहून टेप धरला. जाळी तापीवर मासे धरणाऱ्या भोई दादांनी दिली, फाटलेली जागा स्वतःच्या हाताने विणून. पहिले कित्येक दिवस त्या जाळीला मासळीचा वास यायचा आणि माझी मुलगी गोलमध्ये उभी राहायला नाक मुरडायची. आता नवीन नायलॉनची जाळी आणू म्हटलं तर तीच नको म्हणते.

पहिला सामना तालुक्याच्या गावी झाला. ९-० ने हरलो. समोरच्या मुली उंच नव्हत्या की दांडग्या नव्हत्या, त्या एकमेकींना पाहून खेळत होत्या, इतकंच. आमच्या अकराच्या अकरा बॉलमागे धावत होत्या. परतीच्या एसटीत मी मुद्दाम कोणाशी बोलले नाही. अर्ध्या रस्त्यात मागच्या सीटवरून कॅप्टनचा आवाज आला, पाचवा गोल कसा झाला ते ती दुसरीला तिकिटाच्या मागच्या बाजूवर पेनाने काढून दाखवत होती. त्या दिवसापासून सरावात पळणं कमी आणि पास देणं जास्त झालं. पुढच्या हंगामात याच मुली जिल्ह्याच्या खुल्या स्पर्धेत उपांत्य फेरीला पोचल्या, आणि यंदा त्यांनी ती स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात समोर शहरातला संघ होता, त्यांच्याकडे अंगावरच्या जर्सीसोबत बदलायची दुसरी जर्सीसुद्धा होती. आपल्या मुली १-० ने जिंकल्या. गोल झाला तो कॉर्नरवरून, डोक्याने. मारणारी मुलगी आपल्या भिलाटीतली. पहाटे खेळते आणि मग केळीच्या बागेत पिल, म्हणजे बुडातले जादा कोंब, काढायला जाते. संघात लेवा आहेत, पाटील आहेत, कोळी आहेत, भिल्ल आहेत, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून येणाऱ्या दोघी पावरा आहेत. प्रवासात कोणाच्या डब्यातलं भरीत कोणाच्या कळण्याच्या भाकरीवर जातं ते आता कोणी पाहत नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. गावाने पाहावं असं हे आहे, म्हणून सांगते.

या यशामागे एक गोष्ट आहे, ती सत्काराच्या भाषणात येणार नाही. पहिल्या पावसाळ्यात सरावाच्या वेळी मुलींना चक्कर यायची. सर त्यांना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेले, सगळ्यांचं हिमोग्लोबिन तपासलं. निम्म्या मुलींच्या अंगात रक्त कमी. यात नवल काही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय असल्याचं आढळलं आहे, म्हणजे आपल्या घरोघरी हेच आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली मळमळतं म्हणून खिडकीतून फेकायच्या. आता सरावानंतर शेंगदाणे, गूळ नाहीतर भिजवलेले हरभरे खायला देऊन, थोडं थांबून ती गोळी मी स्वतः हातावर ठेवते. यंदा तपासणी केली तेव्हा बहुतेकींचं रक्त वाढलेलं होतं. ट्रॉफीपेक्षा मला त्या कागदाचं मोल जास्त वाटतं. घरातल्या मुलीला सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं वाढायची आपली पद्धत या संघामुळे निदान काही घरांत तरी मोडली, कारण "हिला मॅच आहे" असं बापच म्हणू लागला.

आता वेळेचं.

सध्या मुलींना मैदान मिळतं ते सकाळी साडेपाचला. दिली कोणी नाही ही वेळ. त्या वेळी कोणालाच मैदान नको असतं, म्हणून ती मुलींच्या वाट्याला आली. घरात सकाळी साडेपाचला काय चाललेलं असतं ते बायांना विचारा. नळाला पाणी ज्या दिवशी येईल त्या दिवशी ते भरायचं, भाकऱ्या, गोठा, धाकट्यांचे डबे. कापसाच्या दिवसांत आणि केळीच्या कापणीला उजाडताच मजुरीवर जायचं. ही सगळी कामं उरकून नव्हे, टाकून मुली मैदानावर येतात, आणि घरी गेल्यावर बोलणी खातात. डिसेंबरात आपल्याकडे सूर्य उगवतो सातच्या आसपास. साडेपाचला मुलींना समोरचीचा चेहरा दिसत नाही, बॉल कुठला दिसणार? पावसाळ्यात अंधारात ओल्या गवतात पाय टाकायची भीती वेगळी. पाड्यावरून येणाऱ्या दोघींना तर घरून चारला निघावं लागतं. त्यांचा बाप बॅटरी घेऊन सोबत येतो आणि सराव होईपर्यंत बांधावर बसून राहतो. त्याचाही दिवस मोडतो.

आणि काळ्या मातीचं मैदान ज्यांनी शेती केली त्यांना मी काय समजावू? पावसात पहाटे ती माती बुटाला अशी धरते की दहा पावलांत पाय उचलत नाही. आमची बॅकची मुलगी खिशात विळ्याचं मोडकं पातं ठेवायची, खेळ थांबला की खाली बसून बुटाचे तळवे खरवडायची. मी ते काढून घेतलं आणि तिला लाकडी चमचा दिला. तीच माती दुपारपर्यंत ऊन पडलं की संध्याकाळी खेळण्याजोगी होते. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, बोट जाईल एवढ्या. मुलींचे गुडघे मुलांपेक्षा लवकर दुखावतात, गुडघ्याच्या आतला बंध तुटण्याचा धोका त्यांना जास्त असतो, हे खेळाच्या डॉक्टरांचं सांगणं आहे. त्यासाठी फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेचा ११ प्लस नावाचा सुमारे वीस मिनिटांचा व्यायाम आहे, सर तो रोज करून घेतात. पण तासाभराचा सराव, त्यातली वीस मिनिटं व्यायामाची, आणि मैदानाच्या मधोमध क्रिकेटची सिमेंटची पिच. त्या पिचवर पडून एकीच्या गुडघ्याचं सालपट निघालं तेव्हापासून अर्ध्या मैदानावरच खेळायचं असं ठरलं. आजपर्यंतची सगळी कमाई अर्ध्या मैदानावरची आहे, हे सत्कार करताना लक्षात असू द्या.

संध्याकाळी चारनंतर मैदान क्रिकेटचं. माझं मुलांशी भांडण नाही. त्यातला एक माझा पुतण्या आहे, दुसरे दोघे तर मुलींच्या सामन्याला पदरच्या पैशाने गाडी करून आले होते. कधी विनंती केली तर मुलं तास-अर्धा तास मैदान सोडतातही. पण ते त्यांच्या मर्जीवर आहे. मोठी मॅच असली, पाहुण्या गावाचा संघ आला, हंगामात टेनिस बॉलची टुर्नामेंट लागली की मर्जी संपते. कोणाच्या मर्जीवर संघ चालत नाही. सरावाला या म्हणून चार मुलींच्या घरी निरोप द्यायचा आणि मैदानावरून परत पाठवायचं, असं दोनदा झालं की तिसऱ्या वेळी बाप म्हणतो, "बस झालं आता." खेळ सुटतो तो असा. कोणी मनाई करत नाही, नुसती जागा मिळत नाही.

यावरून मला एक जुनी हकिकत सांगायची आहे. सरांनी ती मुलींना सांगितली आणि त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जात नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या प्रेस्टन गावात 'डिक, कर अँड कंपनी' नावाच्या कारखान्यात बायका कामाला होत्या. त्यांनी फुटबॉलचा संघ काढला. जखमी सैनिकांसाठी, दवाखान्यांसाठी पैसा उभा करायला त्या खेळायच्या आणि लोक तुडुंब गर्दी करायचे. २६ डिसेंबर १९२० ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांचा सामना पाहायला ५३ हजार माणसं आली, आत जागा नाही म्हणून हजारो परत गेली. आणि वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने ठराव केला की हा खेळ बायकांना योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये, आणि असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायकांच्या सामन्यांना देऊ नयेत. कोणाला तुरुंगात टाकलं नाही, कोणाला दंड केला नाही. मैदानाचं फाटक लावलं, एवढंच. ते उघडायला जवळजवळ ५० वर्षं लागली. ब्राझीलमध्ये तर १९४१ साली सरकारनेच हुकूम काढून बायकांना असे खेळ बंद केले, ते १९७९ पर्यंत. आज जगात ज्या देशाच्या फुटबॉलचं नाव आपली शेंबडी पोरं घेतात, त्या देशातली ही गोष्ट.

त्या लोकांनी ठराव करून मैदान काढून घेतलं. आपल्या गावात असा ठराव कोणी केलेला नाही, आणि करणारही नाही, एवढी मला गावाची खात्री आहे. पण मैदान मुलींचं आहे असाही ठराव कुठे नाही. ज्याचं नाव कागदावर नाही त्याच्या बांधावर कोणीही नांगर घालतो, हे शेतकऱ्यांच्या गावात मी वेगळं सांगायला नको. म्हणून मला कागद हवा आहे.

आपल्या देशातही मुलींचा फुटबॉल आजचा नाही. १९७५ साली बायकांच्या फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली होती. १९८० साली कोझिकोडला आणि पुढे १९८३ साली आपल्या देशाच्या मुली आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या होत्या. मग कित्येक वर्षं कोणी लक्ष दिलं नाही. मणिपूरसारख्या राज्यांनी मात्र हा खेळ सोडला नाही, म्हणून राष्ट्रीय स्पर्धेत वर्षानुवर्षं मणिपूरच्या मुली जिंकत आल्या. त्या स्पर्धेच्या चषकाला आता राजमाता जिजाबाईंचं नाव आहे. ५ जुलै २०२५ ला थायलंडमध्ये चियांग माईला आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ ने हरवलं, दोन्ही गोल संगीता बासफोरचे, आणि पात्रता फेरी जिंकून आशिया कपला जायचा मान भारताच्या मुलींना पहिल्यांदा मिळाला. त्या रात्री आमच्या संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झोपलं कोणी नाही. माझ्या मुलीच्या वहीच्या पहिल्या पानावर अदिती चौहानचा फोटो चिकटवलेला आहे, २०१५ साली इंग्लंडच्या वेस्ट हॅम युनायटेडच्या महिला संघाकडून खेळलेली गोलकीपर. आपल्या मुली काय वाचतात, कोणाकडे पाहतात, ते गावाला माहीत असावं म्हणून हे लिहिलं.

खानदेशच्या मुलीने खेळणं तर त्याहून जुनं. बोदवड तालुक्यातल्या नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील जळगावच्या मू. जे. कॉलेजात टेबल टेनिस खेळायच्या, स्पर्धा जिंकायच्या. २००७ साली त्या देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. कोणाचं काही बिघडलं नाही.

लग्नाचं काय, हे मला मुलींच्या घरांतून सतत विचारलं जातं. त्याचं उत्तर मी प्रामाणिकपणे देते. खेळते म्हणून आमच्या एकाही मुलीचं जमलेलं स्थळ मोडलेलं नाही. उलट अठरावं लागताच लग्न उरकायचं असं ज्यांच्या घरी ठरलं होतं, त्यांतल्या काहींच्या वडिलांनी स्वतःहून थांबायचं कबूल केलं, कारण मुलगी पोलीस भरतीची तयारी करते आहे आणि मैदानी चाचणीत ती मागे राहणार नाही, हे त्यांना दिसतं आहे. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरावीक दर्जाच्या स्पर्धांचं प्रमाणपत्र लागतं, आणि तिथवर जायचं तर सकाळच्या अंधारातल्या तासाभराच्या सरावावर जाता येत नाही.

यंदाच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, जे झालं ते पाहिलेली माणसं ग्रामसभेला असतीलच, पण त्या दिवशी जे बाहेरगावी होते त्यांच्यासाठी सांगते. आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गौराईची गाणी होतात. संघातून लग्न होऊन गेलेली एक मुलगी शहाद्याकडून आली होती. तिच्याच डोक्यातून निघालं, की माहेरवाशिणींचा एक संघ करू आणि गावच्या संघाशी खेळू. मुलांनी त्या दिवशी पाचला मैदान सोडलं, एकाने तर शिट्टी धरली. माहेरवाशिणींत काही जणी शाळेत खो-खो खेळलेल्या, काही जणींनी आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही. कोणी ड्रेस घालून, कोणी साडीचा काष्टा मारून. खेळ सुरू होण्याआधी सरांनी सांगितलं की अंगावर दागिना चालत नाही, तसा नियमच आहे. बांगड्या निघाल्या, कानातलं निघालं. शहाद्याहून आलेल्या त्या मुलीचा हात गळ्यापाशी थांबला. नवं लग्न, आणि चारचौघींत मंगळसूत्र काढायचं. सगळ्या बाया गप्प. तेव्हा तिची आई गर्दीतून पुढे आली, तिने स्वतःच्या हाताने लेकीच्या गळ्यातलं काढलं, रुमालात बांधलं आणि माझ्या हातात दिलं. "मॅच झाली की मीच घालीन," म्हणाली. लेक अनवाणी खेळली, तिने मारलेला फ्री किक माझ्या मुलीच्या हाताला लागून आत गेला.

माझ्या सासूबाई सुरुवातीला मुलीच्या खेळण्याच्या सक्त विरोधात होत्या. "पोरनी जात शे, तिले काय करनं शे फुटबॉल?" हे मी रोज ऐकलं आहे. त्या संध्याकाळी त्या निंबाखाली खाट टाकून बसल्या होत्या. साडेसहा झाले, शेजारची एकजण आपल्या सुनेला हाका मारू लागली, चल, चुलीचं बघायचंय. सासूबाई खाटेवरूनच ओरडल्या, "खेयू द्या व तिले, चूल मी पेटाडस!"

मैदानाच्या चारी बाजूंना त्या दिवशी बायाच बाया होत्या. आपल्या गावात कीर्तन-सप्ताह आणि कानबाईचा उत्सव सोडला तर एवढ्या बाया एका जागी मी पाहिल्या नाहीत. त्या का येऊ शकल्या? कारण सामना संध्याकाळी होता. पहाटे साडेपाचला कोणती आई पोरीचा खेळ पाहायला येऊ शकते? दोन वर्षं मुली खेळतात आणि बहुतेक आयांनी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा खेळताना पाहिलं. त्यानंतर सरावाला नव्या मुली स्वतःहून यायला लागल्या, त्यांना घेऊन त्यांच्या आयाच आल्या. संध्याकाळची वेळ मागण्यामागचं माझ्या मनातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. गावाला दिसतो तो खेळ गावाचा होतो.

पैशाचं थोडक्यात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. शिलाई मशीन वाटप, मेळावा, मार्गदर्शन शिबिर, हे चांगलंच आहे. त्यातूनच यंदा मैदानाची ढेकळं फोडून एकदा रोलर फिरवून द्या आणि मुलींना कपडे बदलायला शाळेच्या मागची पडीक खोली दुरुस्त करून द्या. क्रीडांगण विकासाच्या अनुदानासाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे प्रस्ताव जातो, त्यालाही ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा लागेल. पण हे सगळं नंतर झालं तरी चालेल. रोलर नाही फिरला तर मुली ढेकळांत खेळतील. वेळ नसेल तर कशातच खेळता येणार नाही.

ठरावाचा मसुदा सरांच्या मदतीने मी करून ठेवला आहे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा, संपूर्ण मैदान गावच्या महिला फुटबॉल संघाच्या सरावासाठी राखीव. दिवाळी ते संक्रांत अंधार लवकर पडतो, तेव्हा साडेचार ते सहा, आणि त्या काळात या चार दिवशी शाळेने शेवटचा तास खेळाचा ठेवावा, म्हणजे संघातल्या शाळकरी मुलींना येता येईल. एवढ्यासाठी शाळा व्यवस्थापन समितीला या पत्रात घेतलं आहे. बुधवार, शनिवार, रविवार मुलांचे. लग्नाचा मंडप, खळं, वाळू-खडीचा ढीग यांना मैदान द्यायचं असेल तर आठ दिवस आधी संघाला कळवावं आणि तेवढ्या दिवसांसाठी शाळेचं पटांगण द्यावं. मुलांशी मी याबद्दल बोलले आहे. त्यांची एकच मागणी आहे, की टुर्नामेंटच्या आठवड्यात दिवसांची अदलाबदल करता यावी. ती रास्त आहे, मसुद्यात घातली आहे.

१५ ऑगस्टच्या आधी होणाऱ्या महिला ग्रामसभेत हा विषय मी मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे, अनुमोदक म्हणून कॅप्टनच्या आईचं. आणखी एक ध्यानात असू द्या. संघातल्या बहुतेक मुलींना अठरा पूर्ण झाली आहेत आणि मतदार यादीत त्यांची नावं आहेत, म्हणजे त्या ग्रामसभेच्या सदस्य आहेत. सत्कार घ्यायला त्या येणारच आहेत. ठराव मताला टाकायची वेळ आली तर हात वर करायलाही थांबतील. त्या दिवशी सराव ठेवलेला नाही.

आपली नम्र,
गावच्या महिला फुटबॉल संघाची मॅनेजर